ज्यांना सांगता येत नव्हते : अर्भके, वेदना आणि स्थानिक भुलीचा इतिहास

१.
ऑक्सफर्ड, १९८०च्या दशकाचा पूर्वार्ध. जॉन रॅडक्लिफ रुग्णालयाच्या नवजात-अतिदक्षता विभागात कन्वलजीत सिंग आनंद नावाचे तरुण भारतीय डॉक्टर काम करीत होते. इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर इंग्लंडला आले होते. अपुऱ्या दिवसांची बाळे शस्त्रक्रियेसाठी नेली जात, तेव्हा त्यांची प्रकृती बऱ्यापैकी स्थिर असे. परत येत, तेव्हा रंग उडालेला आणि नाडी क्षीण. शल्यविशारद कुशल होते, शस्त्रक्रिया यशस्वी होत होत्या. मग बाळांना नेमके काय होत होते?

२.
उत्तर शस्त्रक्रियागृहातच होते. बाळांना स्नायू शिथिल करणारे औषध आणि सोबत नायट्रस ऑक्साइड हा सौम्य वायू दिला जाई. समर्थ वेदनाशामक दिले जात नसे. ही एका रुग्णालयाची चूक नव्हती. अनेक प्रगत देशांतील ती रूढ पद्धत होती. आश्चर्य असे, की शरीराचा एखादा भाग बधिर करण्याची विद्या तोवर शंभर वर्षे जुनी झाली होती. ती अर्भकापर्यंत पोहोचायला एवढा काळ का लागला, आणि पोहोचल्यावर ती सुरक्षित कशी झाली, याची ही कथा.

३.
आरंभ व्हिएन्नात. १८८४ साली कार्ल कोलर या तरुण नेत्रवैद्याने कोकेनचे द्रावण प्रथम बेडकाच्या आणि इतर प्राण्यांच्या डोळ्यांत घातले, मग स्वतःच्या. टाचणीचे टोक बुबुळाला लावले तरी काही जाणवले नाही. सप्टेंबरमध्ये हायडेलबर्ग येथील नेत्रवैद्यांच्या परिषदेत हा शोध जाहीर झाला. प्रवासखर्च परवडत नसल्याने कोलर स्वतः जाऊ शकले नाहीत. त्यांचा निबंध दुसऱ्याने वाचला. रुग्ण जागा असताना त्याचा एकच अवयव बधिर करता येतो, ही कल्पना काही महिन्यांत युरोप-अमेरिकेत पसरली.

४.
पण कोकेन दुधारी होते. काही वर्षांतच विषबाधेच्या आणि मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या. व्यसन जडलेल्यांत स्वतः डॉक्टरही होते. म्हणून रसायनशास्त्रज्ञ कमी घातक पर्याय शोधू लागले. जर्मनीत आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी प्रोकेन तयार केले. १९०५पासून ते ‘नोव्होकेन’ या नावाने रूढ झाले. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी लिडोकेन बनवले. ते १९४८मध्ये बाजारात आले. आज दंतवैद्याच्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचे झालेले लिग्नोकेन किंवा झायलोकेन ते हेच.

५.
ही औषधे काय करतात? मज्जातंतूतून संदेश धावतो तो सोडियमच्या कणांच्या आत-बाहेर जाण्यामुळे. स्थानिक भुलीचे औषध सोडियमच्या त्या वाटा तात्पुरत्या बंद करते. संदेश मेंदूपर्यंत जात नाही, म्हणून वेदना जाणवत नाही. परंतु अशाच वाटा मेंदूत आणि हृदयातही असतात. औषध टोचल्या जागी राहिले तर वरदान. प्रमाणाबाहेर रक्तात मिसळले तर आधी झटके, मग हृदयाची लय बिघडणे. औषध आणि विष यांत अंतर असते ते केवळ मात्रेचे आणि जागेचे.

६.
प्रौढ रुग्णाच्या बाबतीत या विषबाधेची चाहूल बहुधा आधीच लागते. कानात गुणगुण होते, जिभेला धातूची चव येते, ओठांभोवती मुंग्या येतात. रुग्ण ते सांगतो आणि डॉक्टर हात आवरतो. अर्भक यातले काहीच सांगू शकत नाही. लॅटिन भाषेत अर्भकाला ‘इन्फन्स’ म्हणत. त्याचा मूळ अर्थ ‘न बोलणारा’. या एका शब्दात पुढच्या शंभर वर्षांचा पेच सामावलेला आहे. बाळ ‘दुखते’ असेही सांगू शकत नव्हते आणि ‘औषध जास्त झाले’ असेही नाही.

७.
तथापि प्रारंभीच्या शल्यविशारदांनी अर्भकांकडे पाठ फिरवली नव्हती. १८९८च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील कील येथे आउगुस्ट बिअर यांनी पाठीच्या कण्यात कोकेन टोचून पायाची शस्त्रक्रिया केली. परिणाम पडताळण्यासाठी त्यांनी आपल्या साहाय्यकालाही तेच इंजेक्शन दिले. त्याच्या नडगीवर हातोडा मारला, कातडीला जळता सिगार लावला. साहाय्यकाला वेदना झाली नाही. नंतर दोघेही डोकेदुखीने हैराण झाले, हा भाग वेगळा.

८.
पाठोपाठ न्यूयॉर्कमध्ये विल्यम सीमन बेनब्रिज यांनी मुलांवर हीच पद्धत वापरली. त्यांच्या नोंदींत अवघ्या तीन महिन्यांच्या, हर्निया अडकून अत्यवस्थ झालेल्या अर्भकावरील शस्त्रक्रियेचाही समावेश आहे. १९०९ साली लंडनच्या टिरेल ग्रे यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मुले आणि अर्भके मिळून २०० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. क्लोरोफॉर्म आणि ईथर अशक्त बाळांना झेपत नसत. बाळाला पूर्ण गुंगी न देता केवळ शरीराचा खालचा भाग बधिर करणे, हा त्यावरचा विचारपूर्वक शोधलेला मार्ग होता.

९.
मग ही वाट बुजली कशी? एक कारण असे, की पूर्ण भूल देण्याच्या पद्धती सुधारत गेल्या आणि सुईची नाजूक कला मागे पडली. दुसरे कारण भीतीचे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ घरोघरी होते. रडणाऱ्या बाळाला शांत करणाऱ्या त्या औषधात मॉर्फिन असे. मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या कित्येक माता तान्ह्याला अफूची ‘बाळागोळी’ देत. अशा औषधांनी बाळे कायमची झोपी गेल्याचे डॉक्टरांना ठाऊक होते. अर्भकाला गुंगीचे औषध देताना हात आखडणे म्हणूनच अगदीच निराधार नव्हते.

१०.
परंतु भीतीला लवकरच शास्त्राचा आधार मिळाला आणि सावधगिरीचे रूपांतर नकारात झाले. जर्मन शरीरशास्त्रज्ञ पाउल फ्लेक्सिग यांनी दाखवले होते, की जन्मतः मेंदूतील अनेक मज्जातंतूंवर मायलिन हे स्निग्ध आवरण चढलेले नसते. त्यातून अनुमान निघाले : आवरण नाही म्हणजे तंतू अपक्व, तंतू अपक्व म्हणजे संवेदना अपुरी. बाळ टोचल्यावर हातपाय झाडते ती केवळ प्रतिक्षिप्त क्रिया, तिच्यामागे वेदनेची जाणीव नाही, असे मानले जाऊ लागले.

११.
१९४१ साली न्यूयॉर्कमध्ये मर्टल मॅक्ग्रॉ यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवजातांपासून चार वर्षांपर्यंतच्या ७५ मुलांना ठरावीक काळाने टाचणी टोचून त्यांचा प्रतिसाद नोंदवला होता. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत काही बाळे फारसा प्रतिसाद देत नव्हती; पुढे तो वाढत, अधिक नेमका होत गेला. या निरीक्षणाचा अर्थ पुढील पिढीने सोयीने लावला : नवजाताला वेदना कमी. पेंगुळलेले बाळ हलले नाही म्हणजे त्याला दुखले नाही, हे अनुमान किती ठिसूळ आहे याचा विचार फार थोड्यांनी केला.

१२.
मायलिनच्या युक्तिवादातील दोषही उघड होता. वेदनेचा संदेश वाहणाऱ्या तंतूंपैकी मोठा वर्ग प्रौढ माणसातही मायलिनविनाच असतो. बोथट, जळजळणारी वेदना त्यांतूनच जाते. आवरण नसल्याने संदेश सावकाश जातो, थांबत नाही. शिवाय बाळाच्या शरीरात अंतरच थोडे. उलट वेदना आवरून धरणाऱ्या, मेंदूकडून खाली येणाऱ्या यंत्रणा जन्माच्या वेळी अपुऱ्या असतात. म्हणजे अपक्वतेचा अर्थ ‘कमी वेदना’ असा नव्हे, तर कदाचित ‘अधिक वेदना’ असा निघत होता.

१३.
याच सुमारास एक नवे औषध आले. १९४२ साली मॉन्ट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ यांनी शस्त्रक्रियेत क्युरारे वापरले. दक्षिण अमेरिकेतील आदिवासींचे हे बाणविष स्नायू पूर्ण शिथिल करते. मग लिव्हरपूलमध्ये सेसिल ग्रे आणि जॅक्सन रीस यांनी क्युरारे व हलकी भूल यांचा मेळ घातला, आणि १९५०मध्ये रीस यांनी नवजातांच्या भुलीवर महत्त्वाचा निबंध लिहिला. या पद्धतीने असंख्य बाळांचे प्राण वाचले, कारण जड भुलीचे धोके टळले. रीस यांचे ऋण बालभूलशास्त्र आजही मानते.

१४.
पण या पद्धतीला एक काळी बाजू होती. क्युरारे हालचाल थांबवते, वेदना नव्हे. ‘रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही’, असे मराठीत म्हणतात. रडणे हीच बाळाची एकमेव भाषा. क्युरारेने तीही हिरावून घेतली. टेबलावरचे बाळ निश्चल, शांत दिसे. त्या शांततेचा अर्थ ‘सर्व ठीक आहे’ असा लावला गेला. बाळ खरोखर काय सोसते आहे, हे विचारण्याचे कारणच उरले नाही.

१५.
बदलाचे पहिले पाऊल एका साध्या प्रश्नातून पडले. अमेरिकेत नवजात मुलांची सुंता रुग्णालयातच आणि बहुधा कोणत्याही भुलीविना होई. १९७८ साली किर्या आणि वर्थमन या दोन डॉक्टरांनी दाखवून दिले, की शिश्नाच्या मुळाशी थोडेसे लिडोकेन टोचून तेथील मज्जातंतू बधिर केल्यास हीच क्रिया वेदनारहित करता येते. औषध जुने, सुई बारीक, खर्च नगण्य. अडचण तंत्राची नव्हती. बाळाला दुखते हे मान्य करण्याची होती.

१६.
दुसरे पाऊल व्हर्मोंट विद्यापीठात पडले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हर्निया वारंवार आढळतो. पूर्ण भुलीनंतर अशा बाळांचा श्वास मध्येच थांबण्याचा धोका असतो. ख्रिस एबेजियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेनब्रिज-ग्रे यांची विसरलेली वाट पुन्हा चोखाळली : बाळ जागे ठेवून कण्यातून भूल. त्यांचा अनुभव १९८४ साली प्रसिद्ध झाला. मात्र बाळाच्या शरीराची मापे निराळी होती. जन्मतः मज्जारज्जू कण्यात प्रौढांपेक्षा खालपर्यंत उतरलेला असतो, म्हणून सुई आणखी खाली घालावी लागते. मज्जारज्जूभोवतीचा द्रव वजनाच्या मानाने सुमारे दुप्पट असतो, म्हणून या एका प्रकारात दर किलोमागे औषधही अधिक लागते.

१७.
१९८५ साली अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या एका बाळावर हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया झाली. काही आठवड्यांनी बाळ दगावले. नंतर नोंदी पाहताना आईला कळले, की त्या वेळी बाळाला हालचाल थांबवणारे औषध दिले होते, वेदना थांबवणारे नव्हे. तिने डॉक्टरांना पत्रे लिहिली, लेख लिहिला. १९८६मध्ये वृत्तपत्रांनी हा विषय उचलला. देशभर पालक विचारू लागले : आमच्या बाळाचेही असेच झाले का? बाळाला वाचा नव्हती. त्याची वाचा ती आई झाली.

१८.
इकडे ऑक्सफर्डमध्ये आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळाला ‘विचारण्याचा’ नवा मार्ग शोधला होता. बाळ बोलत नाही, हलतही नाही. पण त्याचे रक्त बोलते. हृदयाजवळची तीच रक्तवाहिनी बांधण्याची गरज असलेल्या १६ अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे दोन गट केले गेले. दोन्ही गटांना नायट्रस ऑक्साइड आणि क्युरारे ही रूढ भूल मिळाली. एका गटाला सोबत फेंटानिल हे प्रभावी वेदनाशामकही. मग दोघांच्या रक्तातील ताणाची संप्रेरके आणि साखर मोजली.

१९.
जानेवारी १९८७मध्ये ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले. वेदनाशामक न मिळालेल्या बाळांच्या रक्तात ताणाच्या संप्रेरकांची लाट उसळली होती आणि शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीही त्यांच्यातच अधिक होत्या. वेदना केवळ क्रूर नव्हती, ती घातकही होती. त्याच वर्षी आनंद आणि पॉल हिकी यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये नवजाताच्या वेदनेविषयीचा सर्व पुरावा एकत्र मांडला. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही भूमिका जाहीर केली : नवजातांसाठी स्थानिक आणि सर्वांगीण भूल उपलब्ध आहे; केवळ वय लहान म्हणून ती नाकारणे योग्य नव्हे.

२०.
येथे कथा संपली असती तर ती सुखान्त ठरली असती. पण ‘बाळाला भूल द्या’ हे एक; ‘किती द्या’ हे दुसरे. १९५७ साली स्वीडनमध्ये बुपिव्हकेन तयार झाले होते. एका इंजेक्शनचा परिणाम कित्येक तास टिकत असल्याने ते लोकप्रिय झाले. १९७९मध्ये जॉर्ज ऑल्ब्राइट या अमेरिकी भूलतज्ज्ञाने इशारा दिला, की हे औषध चुकून रक्तवाहिनीत गेल्यास हृदय एकाएकी थांबू शकते आणि ते पुन्हा सुरू करणे फार कठीण जाते. तो इशारा प्रौढ रुग्णांवरून दिलेला होता. अर्भकाचे काय?

२१.
अर्भक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. रक्तात शिरलेले बुपिव्हकेन बहुतांशी एका विशिष्ट प्रथिनाला चिकटून राहते. तसे चिकटलेले औषध इजा करीत नाही. इजा करतो तो मोकळा भाग. नवजाताच्या रक्तात हे प्रथिन प्रौढांच्या मानाने बरेच कमी असते आणि प्रौढ पातळी गाठायला त्याला सुमारे वर्ष लागते. म्हणून तेवढ्याच औषधातील अधिक भाग मोकळा राहतो. औषधाचे विघटन करणारी यकृतातील विकरेही सुरुवातीच्या महिन्यांत अपुरी असतात. औषध संथपणे शरीराबाहेर पडते आणि मागून येणारे साठत जाते.

२२.
त्यात वजनाचे गणित. प्रौढांसाठी लिडोकेनची एका वेळची कमाल मर्यादा किलोमागे सुमारे ४.५ मिलिग्रॅम धरतात. २ टक्के द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम औषध असते. ६० किलोच्या माणसाला त्या हिशेबाने साडेतेरा मिलिलिटर चालते. ३ किलोच्या बाळाला तोच नियम लावला, तरी मर्यादा पाऊण मिलिलिटरच्याही आत येते. आणि नवजातासाठी ती त्याहूनही खाली ठेवावी लागते. प्रौढाच्या बाबतीत किरकोळ ठरणारी एका मिलिलिटरची चूक येथे जीवघेणी ठरू शकते.

२३.
१९८०च्या दशकाअखेर शस्त्रक्रियेनंतरही वेदना होऊ नये म्हणून बारीक नळीतून बुपिव्हकेन सतत सोडण्याची पद्धत मुलांसाठी वापरली जाऊ लागली. हेतू उदात्त होता. पण १९९२च्या सुमारास अशा मुलांत झटके आल्याच्या आणि हृदयाची लय बिघडल्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. बॉस्टनच्या चार्ल्स बर्डे यांनी त्यांचा हिशेब तपासून मर्यादा सुचवल्या : मोठ्या मुलांसाठी दर किलोमागे ताशी सुमारे ०.४ मिलिग्रॅम, आणि नवजातांसाठी त्याच्या निम्मे. हे आकडे सर्वत्र स्वीकारले गेले. पाच वर्षांपूर्वी लढा औषध मिळावे यासाठी होता. आता तो ते मोजून मिळावे यासाठी होता.

२४.
सुईच नको, असाही विचार झाला. स्वीडनमध्ये लिडोकेन आणि प्रिलोकेन यांचे मिश्रण असलेले मलम तयार झाले. ते तासभर लावून ठेवले की त्वचा बधिर होते. निरुपद्रवी वाटणाऱ्या या मलमानेही धडा शिकवला. शरीरात प्रिलोकेनपासून बनणारा एक पदार्थ रक्तातील हिमोग्लोबिनचे रूप असे बदलतो, की ते प्राणवायू वाहू शकत नाही. ते पूर्ववत करणारे विकर अर्भकात कमी असते. १९८५ साली सुमारे तीन महिन्यांच्या एका अर्भकात अशी बाधा नोंदली गेली. त्याला सोबत सल्फायुक्त औषधही चालू होते, त्यानेही हाच परिणाम होऊ शकतो. म्हणून किती मलम, किती जागेवर, किती वेळ आणि कोणत्या औषधासोबत नको, हे वयानुसार आणि वजनानुसार ठरवले गेले.

२५.
धोका रुग्णालयापुरता नव्हता. दात येताना हिरड्यांना लावायच्या जेलमध्ये बधिर करणारी औषधे असत. लाळेबरोबर ती गिळली जात, दिवसातून अनेकदा लावली जात. २०१४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लिडोकेनचे घट्ट द्रावण दात येण्याच्या त्रासासाठी वापरू नये, असा कडक इशारा दिला. तपासलेल्या २२ गंभीर प्रकरणांत मृत्यूही होते. २०१८मध्ये दोन वर्षांखालील मुलांसाठी बेन्झोकेनही वर्ज्य ठरवले गेले. घरातील प्रेमळ हात बाळागोळीच्या काळी जसे अजाणता चुकत होते, तसेच येथेही चुकत होते.

२६.
शिस्त हळूहळू घडत गेली. बाळाचे ताजे वजन घेणे. कमाल मात्रा आधी कागदावर मांडणे. औषध सोडण्यापूर्वी पिचकारीचा दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना, हे पाहणे. थोडेथोडे देत जाणे. हृदयाचा आलेख आणि प्राणवायूची पातळी सतत पाहणे. पुढे ध्वनिलहरींच्या साहाय्याने सुईचे टोक पडद्यावर दिसू लागले आणि कमी औषधात काम भागू लागले. बाळ जे तोंडाने सांगू शकत नव्हते, ते यंत्रांकडून आणि आकड्यांकडून वदवून घेण्याची ही पद्धत होती.

२७.
विषबाधा झालीच तर उपायही सापडला, तोही अनपेक्षित ठिकाणी. १९९८ साली शिकागोत गाय वाइनबर्ग यांना उंदरांवरील प्रयोगांत आढळले, की शिरेतून पोषणासाठी देतात ते स्निग्ध द्रावण बुपिव्हकेनच्या विषबाधेपासून हृदयाचे रक्षण करते. २००६मध्ये थांबलेले मानवी हृदय या उपायानंतर पुन्हा सुरू झाल्याचा पहिला वृत्तान्त प्रसिद्ध झाला. आज जेथे स्थानिक भूल मोठ्या मात्रेत दिली जाते, तेथे हे पांढरे द्रावण हाताशी ठेवावे, असा संकेत आहे.

२८.
या शिस्तीचे फळ मोजलेही गेले. फ्रेंच भाषक देशांतील बालभूलतज्ज्ञांनी १९९६ साली मुलांमधील २४,००० हून अधिक स्थानिक आणि प्रादेशिक भुलींचा हिशेब मांडला. गुंतागुंत हजारामागे एकाहून कमी निघाली. २०१८मध्ये अमेरिकेतील जाळ्याने एक लाखाहून अधिक नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत औषधाची गंभीर विषबाधा दहा हजारांमागे एकाहूनही कमी होती. पण ज्या थोड्या मुलांना ती झाली, त्यांत बहुसंख्य अर्भकेच होती. धोका जवळजवळ नाहीसा झाला; जेवढा उरला, तो सर्वांत लहानांच्या वाट्याला उरला.

२९.
आणि न दिलेल्या भुलीची किंमत? १९९७ साली टोरांटोत ॲना टॅडिओ आणि सहकाऱ्यांनी ४ ते ६ महिन्यांच्या ८७ मुलग्यांचे लसीकरणाच्या वेळी निरीक्षण केले. जन्मानंतर ज्यांची सुंता भुलीविना झाली होती, ते सुईने अधिक कळवळले. ज्यांना बधिर करणारे मलम लावले होते, ते त्यांच्याहून कमी. आठवण सांगण्याइतकी भाषा त्या बाळांकडे नव्हती, पण शरीराने नोंद ठेवली होती. ‘बाळ विसरून जाते’ हा शेवटचा आधारही येथे डळमळला.

३०.
पुढचा प्रश्न उलट्या दिशेने आला : पूर्ण भुलीनेच बाळाच्या वाढत्या मेंदूला इजा होत असेल तर? प्राण्यांवरील प्रयोगांनी तशी शंका निर्माण केली होती. सात देशांतील २८ रुग्णालयांनी मिळून हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ७२२ अर्भकांचा अभ्यास केला. काहींना पूर्ण भूल, काहींना जागे ठेवून केवळ प्रादेशिक भूल. मुले पाच वर्षांची झाल्यावर त्यांच्या बुद्धिविकासात फरक आढळला नाही. २०१९मध्ये हे प्रसिद्ध झाले. तासाभराची भूल निर्धोक असल्याचा हा दिलासा होता. आणि ही तुलना शक्य झाली, याचे कारण बेनब्रिज आणि ग्रे यांची जुनी सुई पुन्हा विश्वासार्ह झाली होती.

३१.
या शतकभरात दोन चुका घडल्या आणि त्या परस्परविरुद्ध वाटतात. आधी बाळाला भूल नाकारली गेली, नंतर ती काही वेळा जास्त दिली गेली. मूळ मात्र एकच : दोन्ही वेळा बाळाच्या ठिकाणी मोठ्या माणसाला कल्पून निर्णय झाला. पहिल्या वेळी मोठ्यांसारखे ओरडत नाही म्हणून दुखत नाही असे ठरले; दुसऱ्या वेळी मोठ्यांना चालते ते प्रमाणात घटवले की पुरे असे ठरले. दोन्ही चुका सुधारल्या त्या एकाच मार्गाने, प्रत्यक्ष बाळाकडे पाहून आणि मोजून.

३२.
आज लसीची सुई टोचण्यापूर्वी एखादी परिचारिका तान्ह्याच्या मांडीला मलम लावते, किंवा भूलतज्ज्ञ बाळाचे वजन दुसऱ्यांदा विचारतो, तेव्हा ते किरकोळ सोपस्कार वाटतात. त्या प्रत्येक सोपस्कारामागे कोणी एक बाळ आहे, ज्याला काही सांगता आले नव्हते. ‘इन्फन्स’ अजूनही बोलत नाही. बदल एवढाच, की त्याच्या गप्प असण्याला आता कोणी होकार समजत नाही.